कित्ता

मित्रांनो, शाळेत येताना तुम्ही पाठीवर काय अडकवून आणता? मराठीच्या तासाला तुम्ही सांगाल, "दप्तर." पण घरी अम्मीला सांगून पाहा, की मी पाठीवर 'दफ्तर' घेऊन शाळेत जातो. तिला हसू आवरणार नाही! तुमच्या घरच्या भाषेत दफ्तर म्हणजे कचेरी. ती पाठीवर कशी घेणार?

शब्द मात्र एकच आहे. फारसीतून तो मराठीत आला. आधी तो कागदपत्रांच्या गठ्ठ्यांना मिळाला, मग ते गठ्ठे ठेवण्याच्या जागेला आणि शेवटी मुलांच्या पाठीवर येऊन बसला. आता हे दप्तर उघडा. आत 'कागद' आहे, तो तुमचा कागज. पेनात 'शाई' आहे, ती तुमची सियाही. आजोबांच्या काळी 'दौत' असायची, ती दवात. 'कलम' तर जशीच्या तशी. लिहिण्याच्या कामातले इतके शब्द दोन्ही भाषांत सारखे आहेत, की मराठीच्या तासाला तुम्ही पाहुणे आहात असे म्हणवत नाही.

या यादीत आणखी एक शब्द आहे. तो म्हणजे 'कित्ता'. शिक्षक वहीच्या पहिल्या ओळीत वळणदार अक्षर काढून देतात आणि मुले खाली तसेच अक्षर काढतात. त्या नमुन्याला कित्ता म्हणतात आणि तसे लिहिण्याला कित्ता गिरवणे. हा शब्द अरबीतून आला. तुमच्याकडे उस्तादाने सुंदर हस्ताक्षरात लिहिलेल्या कागदाला 'कतआ' म्हणतात, तोच हा शब्द. थोर माणसाप्रमाणे वागणाऱ्यालाही मराठीत 'त्याने अमक्याचा कित्ता गिरवला' असे म्हणतात. म्हणजे अक्षरावरून गोष्ट आचरणापर्यंत गेली!

आज आपण अक्षराच्या कलेविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, कला म्हणजे चित्रकला. अक्षरात कसली कला? आपल्या राज्यात शाळेतल्या मुलांसाठी रेखाकलेच्या दोन सरकारी परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. तुमच्यापैकी काही जण त्यांना बसले असतील. त्यांत वस्तू पाहून चित्र काढायचे असते, आठवणीने चित्र काढायचे असते, नक्षी रंगवायची असते. भूमितीच्या जोडीला 'अक्षरलेखन'ही असते. मुले सर्वांत कमी सराव याच भागाचा करतात. पट्टीने चौकटी आखायच्या, त्यांत अक्षरे कोंबायची आणि मोकळे व्हायचे. त्यात तपासणी परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला जातो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. गणिताच्या सरांवर माझा राग नाही. पण तास गेला म्हणून शिकणे थांबायला नको. या विषयाचे शिक्षक शाळेबाहेरही असतात. कदाचित तुमच्याच मोहल्ल्यात, एखाद्या जिन्याखालच्या खोलीत ते बसलेले असतील.

आमच्या शाळेतली नववीची काही मुले-मुली एकदा अशाच एका बुजुर्ग कातिबांकडे गेली होती. कातिब म्हणजे हाताने सुंदर अक्षर लिहून देणारा. उर्दू वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका, मुशायऱ्यांची भित्तिपत्रके, हे सगळे पूर्वी कातिब लिहीत असत. सकाळी तुमच्या दादाजानांनी चहाबरोबर जे वर्तमानपत्र वाचले, त्यातली ओळन् ओळ आदल्या रात्री कोणीतरी गुडघ्यावर पाटी टेकवून लिहिलेली असे. त्या लिखाणाचा ठसा शिळेवर किंवा धातूच्या पत्र्यावर उतरवत आणि मग त्याच्या हजारो प्रती निघत.

मुलांनी सलाम केला. चाचांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवले आणि एका मुलाला आपले नाव लिहायला सांगितले. त्याने बॉलपेनने झरझर नाव लिहून दाखवले. नावाचे पहिले अक्षर अलिफ होते. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी बोरू दौतीत बुडवला आणि कोऱ्या कागदावर एक अलिफ काढला. मग त्याच बोरूने त्याच्या शेजारी एकाखाली एक असे तीन नुक्ते ठेवले. तीन नुक्त्यांची उंची आणि अलिफाची उंची बरोबर सारखी!

"तुझा अलिफ किती नुक्त्यांचा आहे?" त्यांनी विचारले.

मुलगा गप्प. बॉलपेनचा नुक्ता म्हणजे नुसता ठिपका, त्याने काय मोजणार?

या मापाची गोष्ट फार जुनी आहे. हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. अक्षराचे माप बाहेरच्या पट्टीने घ्यायचे नाही, ज्या कलमाने अक्षर लिहायचे त्याच कलमाच्या नुक्त्याने घ्यायचे, ही पद्धत त्याने घालून दिली. त्यामुळे कलम जाड असो वा बारीक, अक्षराचा तोल बिघडत नाही. पुढे दरबारातल्या भांडणात त्याचा उजवा हात तोडण्यात आला. तरी हाताला कलम बांधून तो लिहीत असे, असे सांगतात. इ. स. ९४० मध्ये तो तुरुंगात मरण पावला. नुक्त्याचे माप मात्र आजही चालू आहे. उर्दूची नस्तालीक लिपी त्यानंतर काही शतकांनी इराणमध्ये घडली. तीही नुक्त्यांनीच मोजतात. नस्तालीकचा अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा असतो.

मग चाचांनी बोरू कसा करतात ते दाखवले. चांगला वाळलेला बोरू घ्यायचा. एका बाजूने चाकूने तो तासायचा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी कठीण पृष्ठावर टोक ठेवून एका दाबात तिरका छेद घ्यायचा. यालाच उर्दूत 'कत लगाना' म्हणतात. सगळी करामत या छेदात आहे. छेद बरोबर बसला, की रेघ कोठे जाड व कोठे बारीक व्हायची ते हात फिरताना आपोआप ठरते. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा होता. शाई त्यात मुरून राहते. बोरू नेमका हवा तेवढा भिजतो आणि टोक दौतीच्या तळाला आपटत नाही. लहानपणी चाचा तख्तीवर लिहीत. तख्तीला मुलतानी माती फासायची, वाळवायची, लिहायचे आणि धुऊन पुन्हा माती फासायची. त्याच काळात मराठी शाळेतली मुले धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे गिरवत होती. एका गावातल्या दोन शाळांचे साहित्य वेगळे असेल, पण पुसून पुन्हा लिहिणे दोन्हीकडे होते.

एका मुलीने विचारले, "चाचा, तुमचे शागीर्द कोठे आहेत?"

"बेटी, शेवटच्याने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. छान चालते. त्याच्या दुकानाची पाटी मी लिहून देणार होतो. त्याने ती छापून आणली," चाचा म्हणाले आणि बोरू पुसू लागले.

हे असे का झाले, ते थोडे समजून घेऊ या. मराठीची देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली एकेक सुटी उभी असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. त्यामुळे त्यांचे शिशाचे खिळे पाडणे शक्य झाले. अर्थात सुरुवातीला मराठीही हाताने लिहून शिळेवर छापली जात होती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, ते शिळाछापावरच. पुढे खिळे आले आणि मराठी छपाईतून हाताचे अक्षर हळूहळू गेले. नस्तालीकचे तसे नाही. तिची अक्षरे एकमेकांचा हात धरून जिना उतरतात. शेजारी कोण आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपले रूप बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे घसरत खाली येतो. याचे खिळे कसे पाडणार? म्हणूनच मराठीचे छापखाने खिळे जुळवू लागल्यावरही कितीतरी वर्षे उर्दू वर्तमानपत्र कातिबाच्या बोरूवर चालत होते. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये निघालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही कित्येक वर्षे हाताने लिहिले जात होते.

मग पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने एकमेकांना जोडलेल्या अक्षरांची सुमारे वीस हजार रूपे हाताने लिहून काढली. त्यांवरून १९८१ मध्ये यंत्रासाठी 'नूरी नस्तालीक' तयार झाली. १९९४ मध्ये 'इनपेज' ही संगणक प्रणाली आली आणि छपाईच्या दुकानांतले कातिब घरी बसले. काही जण संगणक शिकले, काहींनी पाट्या रंगवायला घेतल्या. पुढे प्लॅस्टिकचे छापील फलक आले आणि तेही काम गेले. गंमत पाहा, संगणकावरचे ते अक्षरही मुळात एका कातिबाच्याच हातचे आहे! मराठीतही असेच आहे. संगणकावर पुष्कळदा दिसणारे 'मंगल' हे देवनागरी अक्षर सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवले. यंत्राने हात घालवला असे आपण म्हणतो. माझ्या मते, यंत्राने एका हाताची नक्कल ठेवली आणि बाकीचे हात रिकामे केले, असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

ते रिकामे हात अजून आपल्या गावांत आहेत. मालेगाव, भिवंडी, मुंबई, अकोला, नांदेड, कोठेही विचारून पाहा. जुने छापखानेवाले, मदरशातले मौलवीसाहेब, पुस्तकविक्रेते पत्ता सांगतील. जाताना चार-पाच जण जा, मोठा घोळका नेऊ नका. आधी वेळ विचारून घ्या. पहिल्याच दिवशी मोबाइल पुढे करून फोटो काढू नका. फोटोत अक्षर येते, हात कसा फिरला ते येत नाही. आधी नुसते पाहा. बोरू कसा धरला, श्वास कोठे रोखला, कागद किती तिरका ठेवला, शाई कोठे संपली आणि पुन्हा कोठे घेतली, हे पाहण्यासारखे असते. मग एकच अक्षर मागा. 'बे' मिळाला तर फार चांगले. लांबट होडीसारखे ते अक्षर दिसते सोपे आणि चांगले घाम काढते.

एवढ्यावर थांबू नका. त्यानंतर मराठी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडे जा. तेही आता थोडेच उरले आहेत. खडू लावलेली दोरी ताणून ते भिंतीवर सरळ रेघ कशी मारतात, ते पाहण्यासाठीच जायला हवे. चपट्या ब्रशने ते 'क' काढतील, तेव्हा तुमच्या ध्यानात येईल, की इथेही जाड-बारीकचा खेळ आहे, फक्त नियम वेगळा. देवनागरीत उभा काना आणि आडवी शिरोरेषा जवळपास सारख्या जाडीच्या. नस्तालीकमध्ये अलिफ सडपातळ आणि 'बे'चे पोट भरलेले. देवनागरीचे सुलेखन शिकवणारेही अक्षराची उंची लेखणीच्या टोकाच्या जाडीने मोजतात. म्हणजे तुम्ही कातिबचाचांकडे जे माप शिकलात, ते इथे उपयोगी पडते. फक्त बोरूचा छेद बदलावा लागतो आणि हात डावीकडून उजवीकडे न्यावा लागतो. दोन्ही दिशांनी हात चालवण्याचा सराव पहिलीपासून असलेली मुले आपल्या राज्यात तुमच्यासारखी फार नाहीत.

दोन लिप्यांच्या नात्याची आणखी एक गोष्ट सांगतो. ती मला फार आवडते. पूर्वी मराठीतला रोजचा व्यवहार मोडी लिपीत चाले. आधी पानभर शिरोरेषा मारायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता भराभर लिहीत जायचे. 'मोडी' हे नाव 'मोडणे' या क्रियापदावरून आले, असे पुष्कळ जण मानतात. आता फारसी दरबारातल्या घाईच्या लिपीचे नाव आठवा. ते आहे 'शिकस्ता', म्हणजे मोडलेली! मोडी शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवत. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले लक्षावधी कागद आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे आहेत. त्याच पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीबरोबर फारसी कागदही जपलेले आहेत. ज्या मुलाला उर्दू वाचता येते, त्याला फारसीची अक्षरे ओळखीची असतात. मराठी येते, त्याला मोडी शिकणे काही महिन्यांचे काम आहे. मग या दोन्ही कागदांचा वाचक कोण होऊ शकतो, ते तुम्हीच सांगा.

सहलीला जाल, तेव्हाही अक्षरांकडे पाहा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. मुले घुमट पाहतात, कारंज्यांपाशी फोटो काढतात आणि बसकडे पळतात. पण त्याच्या मुख्य प्रवेशद्वारावर एक लेख आहे. त्यात या इमारतीचा रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय अशी दोन नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहाल रचणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ज्यांनी राबून इमारत उभी केली, त्यांची नावे सहसा कोठे राहत नाहीत. इथे ती अक्षरांमुळे राहिली. ताजमहालावरचे लेख अमानतखान शिराझी याने लिहिले. उंच कमानीवरची ओळ जसजशी वर जाते, तसतशी त्याने अक्षरे मोठी केली आहेत. त्यामुळे खाली उभे राहून पाहणाऱ्याला ती सगळी सारखीच वाटतात. आणि आपल्या लेखाखाली त्याने स्वतःचे नाव व वर्षही घातले आहे.

अक्षरे जुन्या इमारतींवरच महत्त्वाची असतात, असे मात्र समजू नका. अकोला जिल्ह्यात पातूर नावाचे गाव आहे. तेथील नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. ते असावे की नसावे, यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि फलकावरची उर्दू कायम राहिली. एका पाटीवरच्या एका ओळीसाठी एवढे झाले! न्यायालयाने ओळ ठेवायला परवानगी दिली. ती ओळ सुंदर लिहायची की संगणकातून काढून चिकटवायची, हे काम मात्र न्यायालयाचे नाही.

आमची ती नववीची मुले पुढे सहा रविवार चाचांकडे गेली. सगळी नाही. अकरांपैकी चार टिकली. स्नेहसंमेलनात त्यांनी एका भिंतीवर आपले कागद लावले. प्रत्येक कागदावर एकच शब्द, उजवीकडे उर्दूत आणि डावीकडे मराठीत: कलम, कागद, दुकान, बाजार, जमीन. काही अक्षरे वाकडी होती, एकावर शाई सांडली होती. चाचांना बोलावले होते. ते प्रत्येक कागदासमोर उभे राहिले आणि खिशातून बोरू काढून हवेतच नुक्ते मोजत गेले. त्या मुलाच्या अलिफापाशी आले, तेव्हा तीन मोजून झाले आणि किंचित उरले. "अर्धा नुक्ता जास्त," ते म्हणाले. मुलगा दिवसभर त्याच आनंदात होता.

तुम्ही कराल तेव्हा प्रत्येकाने एक वही घालावी. तिच्या पहिल्या पानावर कातिबचाचांकडून आपले नाव उर्दूत लिहून घ्या आणि समोरच्या पानावर पेंटरकाकांकडून मराठीत. हे तुमचे दोन कित्ते. दोघांनाही खाली त्यांचे नाव घालायची विनंती करा. ते बहुधा नको म्हणतील, तेव्हा अमानतखानाची गोष्ट सांगा. नावाखाली तारीख घालायला विसरू नका.